मागे जाताना बोलणारी गाडी

जगातल्या कुठल्याही वस्तूतली खोट आमच्या साडूंना लांबूनच दिसते, आणि म्हणूनच त्यांच्याइतका सहज फसणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. नात्यानं ते माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही दाजीच म्हणतो. ते मात्र इतकी वर्षं उलटूनही मला ‘पावणं’ म्हणतात, जणू मी अजून मुलगी बघायलाच आलोय. उभी नोकरी त्यांनी सरकारात वजनमापं तपासण्यात घालवली. दुकानदारांच्या तराजूंकडे संशयानं बघून बघून त्यांची नजरच अशी झाली की समोर वस्तू असो, माणूस असो की देवळाचा कळस, ते त्यांना जरा कमीच भरल्यासारखं दिसतं. निवृत्तीबरोबर खुर्ची गेली, नजर राहिली. मंडईत ते वांगं कानाशी धरून हलवतात, कारण आत कीड असली की म्हणे आवाज येतो. एकदा त्यांनी चपला घेताना दुकानातल्या दुकानात इतक्या येरझाऱ्या घातल्या की मालकानं कंटाळून चहा मागवला. शेवटी ते म्हणाले, “डावी उजवीपेक्षा बारीक वाजतीया.” पुतणीसाठी स्थळ बघायला गेले तेव्हा पोहे संपायच्या आत त्यांनी मुलाला अंगणातून पळून दाखवायला सांगितलं होतं. आणि याच दाजींना दारावरच्या एका गोडबोल्या विक्रेत्यानं दुधातली भेसळ ओळखायचं यंत्र म्हणून गुरांचा थर्मामीटर विकला. कितीतरी दिवस ते दुधाचा ताप बघत होते.

असा माणूस सहलीला कसा जाणार? हॉटेल हा शब्द काढला की त्यांच्या अंगावर काटा येई. “त्या चादरीवर कोण कोण लोळलंय ते चादरीलाच म्हाईत,” असं म्हणून ते विषय मिटवत. पाहुण्यांच्या घरी राहायचं तर तिथल्या उशा उंच, शेजारी वाईट, पाणी जड. त्यामुळे कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतल्या त्यांच्या घरातून कुटुंबासह कोणी कुठे गेल्याचं मला आठवत नाही. पुढे माझ्या मेहुणीच्या, म्हणजे आक्कांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. चालता येतं, आडवं पडता येतं, पण थोडा वेळ बसलं की कळा सुरू होतात. मग एस्टी गेली, मोटार गेली, लग्नकार्यं गेली. चंदगड तालुक्यातल्या डोंगरात त्यांचं माहेर. तिथून भाऊ तांदूळ आणि काजू घेऊन यायचा, तासभर बसायचा, जायचा. आक्का मागच्या खोलीत पलंगावर पडून खिडकीतून शेजारच्यांची भिंत बघायच्या. तक्रार कधी ऐकली नाही. तक्रारींचं सगळं खातं दाजींकडे असल्यामुळे त्यांना जागाच उरली नसावी.

एके दिवशी दाजींनी मला बोलावून मोबाइलवर एक चित्रफीत दाखवली. परदेशातलं एक म्हातारं जोडपं घरासारखी गाडी घेऊन तळ्याकाठी उभं होतं. गाडीतच पलंग, गाडीतच चूल, गाडीतच मोरी.

“असली गाडी घ्यायची,” दाजी म्हणाले. “जुनी. नवीला लुटत्यात.”

“पण जाणार कुठं, दाजी?”

“जायाचं ते बघू. आपली चादर, आपली उशी. कुणाच्या बापाचं भ्या न्हाय.”

मग गाड्या बघायचा सपाटा सुरू झाला आणि दर वेळी साक्षीदार म्हणून मला जावं लागलं. हुपरीतल्या एका चांदीवाल्यानं हौसेनं बांधून घेतलेली गाडी दाजींनी नापास केली, कारण आतला नळ उघडला की पाण्याची धार तिरकी पडत होती. दुसरीत पंखा डावीकडून जास्त वारा देत होता. तिसरीचा मालक फार लवकर किंमत कमी करायला लागला म्हणून दाजी चपला घालून उठले. शेवटी गारगोटीकडच्या एका गावात आम्हाला ती गाडी सापडली. तिचा मालक एक राजकीय पुढारी होता. सगळ्या तालुक्यात त्याचे ‘भावी आमदार’ म्हणून फलक लागले होते. मग निवडणूक झाली, लोकांनी दुसऱ्यालाच निवडलं, आणि आता हे गृहस्थ माजी भावी आमदार म्हणून घरी बसले होते. प्रचारात साहेबांना दुपारची झोप मिळावी म्हणून मोठ्या टेम्पोच्या आत सगळी सोय करून घेतलेली होती. लांबरुंद पलंग, शेगडी, छोटा फ्रीज, मोरी, दाराआड संडास.

“गाडी एकदम सोज्वळ हाय, पावणं,” माजी भावी आमदार म्हणाले. “जनतेच्या सेवेशिवाय बाहेर काढलीच न्हाय.”

“म्हंजे एकदाच,” दाजी म्हणाले आणि गाडीखाली शिरले.

ती तपासणी मी विसरणं शक्य नाही. दाजींनी तेलाचा वास घेतला, टायरांच्या खाचांत नाणं घालून बघितलं, काचा वाजवल्या. गाडी वजनकाट्यावर नेऊन कागदावरच्या वजनाशी ताडून पाहिली. मग आत जाऊन पलंगावर उताणे पडले आणि मला म्हणाले, “पावणं, चालवा. खड्डा चुकवू नका. खड्ड्यातनंच घ्या.” गारगोटीच्या रस्त्यावर खड्डा शोधायला कष्ट पडत नाहीत. मी गाडी आदळत होतो आणि मागून दाजींचा आवाज येत होता, “अजून एक! आता कुशीवर पडतो, परत घ्या!” सगळे खड्डे झाल्यावर त्यांनी पलंगाची गादी काढून तिच्याखालच्या फळ्या मोजल्या आणि मान डोलावली. माझी खात्री झाली की निवृत्तीनंतर माणसाच्या डोक्यावर परिणाम होतो. एवढ्या सगळ्या तपासणीत एक गोष्ट मात्र राहिली. गाडी मागे घेऊन बघायला हवी असं मी म्हणालो, तर साहेब हसून म्हणाले, “पुढं जाणाऱ्यांची गाडी हाय ही. मागं कशाला बघताय?” दाजींना हे वाक्य आवडलं. व्यवहार ठरला.

संध्याकाळी गाडी मंगळवार पेठेत आली. बोळात उलटी लावायची म्हणून दाजींनी मागचा गिअर टाकला, आणि टपावरून एक खणखणीत आवाज सगळ्या पेठेवर कोसळला. “पुढे चला, पुढे चला! आपला माणूस आपल्या दारात! विकासाची गाडी आता थांबणार नाही!” गाडी इंचाइंचानं मागे सरकत होती आणि आवाज पुढे चला म्हणत होता. खिडक्या उघडल्या. एका शेजाऱ्यानं विचारलं, “दाजी, कुठल्या पक्षातनं?” प्रचाराच्या वेळी कुणा उत्साही कार्यकर्त्यानं साहेबांचा संदेश थेट मागच्या गिअरला जोडून दिला होता, म्हणजे गर्दीत गाडी वळवतानाही वेळ फुकट जायला नको. दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. त्यानं एक वायर तोडली तर वायपर बंद पडला, दुसरी तोडली तर ब्रेकचा दिवा गेला. सगळं परत जोडून तो म्हणाला, “सगळ्याचं एकात एक गुतलंय. आवाज घालवायचा तर गाडी सोलाय लागंल.” दाजी त्या दिवशी जेवले नाहीत. त्यातच दारावरून साहेबांचं मोठं चित्र काढून टाकलेलं होतं, पण उन्हानं भोवतालचा रंग विटला होता आणि चित्राखालचा कोरा राहिला होता. कोरड्या गाडीवर काही दिसायचं नाही. धुतली की हात जोडलेली एक हसरी आकृती हळूहळू वर यायची.

मला वाटलं, आता गाडी विकणार. पण गौरी-गणपती उरकल्यावर दाजींनी फर्मान काढलं की सहकुटुंब निघायचं, आम्ही नवराबायकोनंही. कुठे, ते सांगेनात. गादीवर घरची चादर घातली. संडास नवा आहे, खराब होईल, म्हणून आत कांद्याचं पोतं ठेवून त्याला कुलूप लावलं. मग आक्कांना हाताला धरून आत नेलं, पलंगावर आडवं केलं, पाठीला दोन्ही बाजूंनी उशा लावल्या. “खड्ड्यात काय होत न्हाय,” ते म्हणाले. “मी पडून बघितलंय.” तेव्हा कुठे गारगोटीच्या त्या आदळआपटीचा अर्थ माझ्या डोक्यात शिरला. मी त्यांच्याकडे बघितलं, तर ते मलाच ओरडले, “बघताय काय? दार लावा. आपटू नका.”

आजरा मागे टाकून गाडी चंदगडच्या दिशेला वळली तशी मागे माझ्या बायकोनं आक्कांच्या उशाशी असलेली खिडकी उघडली. वाट माहेरची आहे हे दोघी बहिणींच्या ध्यानात आलं होतं. पाऊस सुरू झाला. या भागात तो विचारून येत नाही आणि सांगून जात नाही. एका वाडीच्या फाट्यावर आक्कांना पाठ मोकळी करायला दाजींनी गाडी झाडाखाली मागे घेतली, आणि आपला माणूस त्या वाडीच्या दारात आला. चहाच्या टपरीत पावसाला थांबलेली सगळी माणसं बाहेर आली. त्यात बाजाराला निघालेल्या बायकाच जास्त. भिजलेल्या दारावर साहेब हात जोडून हसत होतेच.

एक पिकल्या केसांची बाई छत्री मिटून पुढे आली. “आलासा व्हय? मतं झाल्यावर कोण येतंय म्हणून आमी वाट बघाय सोडलीती. एस्टीचं काय झालं? दोनदा येणार म्हणलासा, हुती ती एक बी बंद झाली.”

“बाई, मी तो न्हवं,” दाजी म्हणाले.

“सगळेच आसं म्हणत्यात.”

“माझी गाडी जुनी हाय! त्येंच्याकडनं घेतलीया!”

“मग गाडी हाय न्हवं? आमाला बाजारापातूर सोडा की. ह्या पावसात चालत जायाचं व्हय?”

दाजींचा चेहरा मी आयुष्यात विसरणार नाही. परक्याची चादर नको म्हणून ज्यांनी एवढं घर चाकांवर चढवलं, त्यांच्या चादरीकडे चिखलाच्या पायांची एक रांग बघत होती. ते नाही म्हणणार होते. शब्द तोंडातही आला होता. तेवढ्यात आतून आक्कांचा आवाज आला. चंदगडकडच्या त्यांच्या बोलीत, जी कोकणीकडे झुकलेली असते आणि आम्हा कोल्हापूरकरांना निम्मीच समजते, त्यांनी काहीतरी विचारलं. पिकल्या केसांच्या बाईनं मान आत घातली, उत्तर दिलं आणि मोठ्यानं हसली. पुढच्याच क्षणी सगळ्या बायका आत होत्या. कुणी शेगडीवर टोपली ठेवली, कुणी फ्रीजवर. एक कोंबडी मोरीत बसली. दोघी तिघी तर पलंगाच्या कडेवर, आक्कांच्या पायाशी, ओल्या लुगड्यानिशी टेकल्या.

दाजींनी गाडी चालू केली. मागे जे बोलणं सुरू झालं ते बाजार येईपर्यंत थांबलं नाही. कुणाचं लग्न मोडलं, कुणाच्या भाताला रोग पडला, आक्कांच्या शाळेतली अमकी कुठे असते, तमकी कशानं गेली. आक्का पडल्या पडल्या विचारत होत्या, त्यांच्या अंगावरून हात फिरवत बायका सांगत होत्या. मध्येच आक्का अशा हसल्या की माझी बायको रडायलाच लागली. दाजी आरशात बघत होते. समोर बघा म्हणून मला दोनदा सांगावं लागलं. उतरताना बायकांनी केळी, काकड्या, आणि नको नको म्हणताना ती कोंबडीही आक्कांच्या हवाली केली.

माहेरी पोचलो तेव्हा पाऊस उघडला होता. भाऊ पळत आला. आक्का लगेच उतरल्या नाहीत. दार उघडं ठेवून पडल्या जागेवरून भाताकडे बघत राहिल्या. दाजी पायरीवर बसून चादरीवरचा चिखल बोटानं खरवडत होते.

“मला वाटायचं, तुमाला माझं माहेर आवडत न्हाय म्हणून न्हेत न्हाय,” आक्का म्हणाल्या.

“न्हाईच आवडत,” दाजी म्हणाले. “पाऊस लई हाय हितं.” आणि चादर तशीच ठेवून ते भावाला कोंबडी कुठे बांधायची ते विचारायला गेले.

त्यानंतर आक्का आणखी काही वेळा गेल्या. मग पाठ पुन्हा बिघडली आणि डॉक्टरांनी पलंगावरूनसुद्धा प्रवास नको म्हणून सांगितलं. आता दाजी एकटेच जातात. त्या फाट्यावर गाडी मागे घेतात, आवाज झाला की बायका येतात. त्यांना बाजाराला सोडायचं आणि परत यायचं, एवढंच काम. संध्याकाळी पलंगाशेजारी खुर्ची ओढून ते आक्कांना वाटेत ऐकलेलं सगळं सांगतात. ज्यांनी जन्मात कुणाची चौकशी केली नाही ते दाजी कुणाच्या सुनेनं काय उत्तर दिलं ते सांगताना चाचपडतात, बोलीतले शब्द चुकवतात, नावांची अदलाबदल करतात. आक्का डोळे मिटून ऐकतात आणि मध्येच एखादा प्रश्न टाकतात.

परवा मी तिथेच बसलो होतो. कुणाची तरी म्हैस विताना अडली होती, सगळी वाडी गोठ्यात जमली होती, असं दाजी रंगवून सांगत होते.

“मग सुटली का म्हस?” आक्कांनी डोळे उघडून विचारलं.

दाजी थांबले. “तवर बाजार आला. उतरल्या की त्या.”

आक्कांनी मान खिडकीकडे वळवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा फोन वाजला. पलीकडे दाजींची गाडी घरघरत होती.

“पावणं, येताय काय? चंदगडला जायाचंय.”

“कालच तर आलात, दाजी. आज काय काम काढलंत?”

“काम न्हाय,” दाजी म्हणाले. “म्हशीचं काय झालं ते इचारून यायचंय.”