फुंकणीपुढं पहिला नंबर

सौंसरच्या बसथांब्यावर पुंडलिकरावांना न ओळखणारा माणूस एकतर परगावचा असेल, नाहीतर कालच जन्मलेला. नागपूरची सातची गाडी ते चालवतात, एकोणतीस वर्षं झाली. सात म्हणजे सात. एक मिनिट पुढं नाही की मागं नाही, लोक त्यांच्या हॉर्नवर घड्याळ लावतात. आणि सुपारीचं खांड सोडलं तर दुसरं व्यसन नाही. हे मी सांगतोय म्हणून नव्हे, कोणालाही विचारा.

फुंकणी आणली तीही त्यांनीच. तीन वर्षांपूर्वी त्यांच्याच मालकाची दुसरी गाडी राजू ड्रायव्हरनं भरदुपारी कापसाच्या शेतात नेऊन घातली. कोणाला खरचटलंही नाही, पण राजू खाली उतरला तो झुलतच. पुंडलिकराव तडक मालकांकडं, भैय्याजींकडं गेले आणि खिशातली किल्ली टेबलावर ठेवली.

"दारू तपासाची मशीन आणा, नाहीतर हे किल्ली तुमच्यापाशीच राहू द्या."

भैय्याजी कुरकुरले, पण असा ड्रायव्हर घालवायला ते वेडे नव्हते. मशीन आली. नळीत जोरात फुंकायचं, काचेवर आकडा दिसतो. ड्रायव्हरांनी तिचं नाव ठेवलं फुंकणी, आणि बायकांचं चुलीपुढचं काम आपल्या नशिबी आलं म्हणून दात काढले. पुंडलिकरावांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पयला मी फुंकत जाईन. रोज." नियमही त्यांनीच घातला. शून्य आलं तरच किल्ली. आकडा आला तर चूळ भरायची, वीस मिनिटं थांब्यावरच्या बाकावर बसायचं, पुन्हा फुंकायचं. तोवर गाडी खोळंबणार नाही, दुसरा ड्रायव्हर नेईल. पहिल्याच महिन्यात राजू दोनदा त्या बाकावर बसला, गावादेखत. तिसऱ्यांदा बसायची वेळ त्यानं स्वतःच येऊ दिली नाही. आता तो नऊची गाडी चालवतो, आणि नीट चालवतो.

तर ही गोष्ट गेल्या दिवाळीनंतरची, आंबिया बहाराची संत्री तुटत होती तेव्हाची. पुंडलिकरावांच्या बायकोच्या, कमलताईंच्या भावाची सावरगावला बाग आहे. झाडाखाली पडलेली फळं वाया कशी घालवायची म्हणून ताईंनी रस काढला आणि बाटलीभर नवऱ्यासोबत दिला. आमच्याकडं संत्र्याचा रस फेकणं म्हणजे पापच. पुंडलिकरावांनी ती बाटली गाडीत इंजिनच्या झाकणाशेजारी ठेवली आणि विसरले. दोन दिवस ती तिथं शेकत राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी पुसताना दिसली, तेव्हा अर्धी घशाखाली घातली. आंबूस लागली. संत्रंच ते, आंबट असायचंच, म्हणून उरलेली परत जागेवर ठेवली आणि तसेच फुंकायला गेले.

सातला दहा मिनिटं कमी होती. गाडी भरलेली. तिकीट खिडकीवरच्या विजयानं रोजच्यासारखी नळी पुढं केली, पुंडलिकरावांनी रोजच्यासारखं फुंकलं, आणि मशीन वाजली. काचेवर बारा.

विजया आकड्याकडं बघतच राहिली. ही पोरगी एरवी कोणाच्या बापाला भीत नाही, पण त्या दिवशी तिनं आधी फोनकडं हात नेला.

कंडक्टर गजाननानं मान वाकडी करून आकडा पाहिला. "भाऊ, मशीन बिघडली असंन. अन् सरकारी कायदा तिसाचा हाय ना? बारानं काय होते? विजया, लिही शून्य."

"थांब," पुंडलिकराव म्हणाले.

तेवढ्यात विजयानं भैय्याजींना फोन लावला होता. फोनमधला आवाज सगळ्यांना ऐकू आला. "पुंडलिक हाय ना? मग काय विचारून राहिली? सोड गाडी."

आता बघा, मालकाची परवानगी होती, कायदा पाठीशी होता, साक्षीदार आपले होते. कोण काय म्हणणार होतं? पण खिडक्यांतून चाळीस डोकी बाहेर आली होती, आणि नऊच्या गाडीची काच पुसता पुसता राजूचा हात थांबला होता. पुंडलिकरावांना कानाच्या पाळ्या गरम झालेल्या कळत होत्या. थेंब नाही पेलो, हे ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण पहिल्यांदा बाकावर बसताना राजूही हेच ओरडला होता, आणि तेव्हा त्यांनी त्याला बोटानं बाक दाखवला होता. आपला तो बाब्या अन् दुसऱ्याचं ते कार्टं, असं फुंकणीपुढं चालत नाही.

त्यांनी खिडकीवरच्या किल्लीला हात लावला नाही. "राजू, फुंक."

राजूनं फुंकलं. शून्य.

"सातची ने. मी बसतो."

"काका, वीस मिनिटं थांबतीन ना लोकं."

"लोकायनं काहून थांबावं? घड्याळ पाह्य."

त्यांनी चूळ भरली आणि बाकावर जाऊन बसले, पाठ सरळ ठेवून. बरोबर सातला हॉर्न वाजला. एकोणतीस वर्षांत आपल्या गाडीचा हॉर्न त्यांनी बाहेरून पहिल्यांदा ऐकला. गाडी वळणाआड गेली. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं त्यांना, खोटं कशाला बोलू? लोक येत होते, बघत होते, कुजबुजत होते. त्यांनी मान खाली घातली नाही.

वीस मिनिटांनी विजयानं नवी नळी लावली. शून्य. तिनं डोळे पुसले आणि वहीतल्या बारावर रेघ ओढायला पेन उचललं. पुंडलिकरावांनी तिचा हात धरला.

"राहू दे बाई. बाराबी माहाच, अन् शून्यबी माहाच."

मग नऊची गाडी ते घेऊन गेले.

संध्याकाळी गाडी लावून ते थांब्यावर आले, तर राजू त्याच बाकावर वाट पाहत बसलेला. त्यानं रसाची बाटली पुढं केली. "काका, हिनं सावनेरपाशी बूच उडवलं. सारी केबिन फसफसून गेली. हे पेले होते का तुमी?"

पुंडलिकरावांनी बाटली हुंगली, आंबलेल्या रसाला चक्क दारूचा वास येत होता, आणि ते कितीतरी वेळ हसत राहिले. "कमलले सांगू नको," म्हणाले.

राजू हसला नाही. "त्या दिवशी तुमी मले इथं बसवलं, तवा लय शिव्या देल्ल्या होत्या मी तुमाले. मनातल्या मनात." त्यानं किल्ली त्यांच्या हातावर ठेवली. "आज साऱ्या मांगं घेतल्या. सारा रस्ता लोकायले एकच सांगितलं, का ज्यानं नियम केला, तो बाकावर बसला हाय. अन् गाडी सातलेच सोडली, काका. तुमची गाडी होती ना."

पुंडलिकरावांनी किल्ली मुठीत धरली आणि त्याच्या शेजारी बाकावर बसले.