यशवंतमामांनी पुसलेले बारा शब्द

अहमदपूरच्या एसटी स्टँडासमोर झेरॉक्सचं दुकान चालवणाऱ्या यशवंतमामांनी मला मदत केली. काय झालं ते पुढं सांगतोच, पण नाव आधी लिहितो. माझं शिक्षण नववीपर्यंतचं, लिहिता लिहिता भलतीकडं जायची सवय आहे, आणि नाव राहून गेलं तर माझं मलाच बरं वाटणार नाही. मामा गेले त्याला आता दीड महिना होईल. मी मस्कतला एसीच्या कामावर आहे. बहिणीचा, पूजाचा फोन आला तेव्हा मी एका शाळेच्या गच्चीवर होतो, हातात पाना. ती म्हणाली, "दादा, झेरॉक्सवाले मामा गेले. सकाळी दुकान उघडलं आन तिथंच बसले." मी सुपरवायझरकडं गेलो. त्यानं विचारलं, कोण लागत होते? रजेच्या कागदावर नात्याचा रकाना असतो. काय लिहिणार… झेरॉक्सवाले? कागद परत दिला आणि गच्चीवर गेलो.

आमचं गाव मुखेड तालुक्यात, पण मी शाळेला अहमदपूरला होतो आणि शाळा सुटल्यावर पासपोर्टचा फॉर्मही मामांनीच भरून दिला होता. फॉर्म भरताना वाक्यागणिक मला विचारायचे, "हे खरं हाय का? खरं असंल तरच लिहितो." आता पूजा तिथं नर्सिंग शिकते, खोली करून राहते. तिचे सगळे कागद मामांच्याच दुकानातून निघायचे. आपल्याकडं कुणी कागद घेऊन दुकानात जात नाही, फोटो काढून झेरॉक्सवाल्याच्या व्हॉट्सॲपवर टाकतात आणि मागून जाऊन प्रिंट उचलतात. कागद फारच महत्त्वाचा असला तर लॅमिनेशन. आधार कार्ड, जातीचा दाखला, मार्कमेमो, सातबारासुद्धा. आमच्या घरी भिंतीवर लग्नपत्रिका आहे, तीही लॅमिनेशन केलेली.

ही सवयच मला नडली. मस्कतला माझ्या खोलीतला रफीक पगारातले थोडे पैसे क्रिप्टोत ठेवायचा. घरी पाठवलेले पैसे घरात जिरतात हे मला माहीत होतं आणि मला परत यायचं होतं. मुखेडला फ्रीज-एसी दुरुस्तीचं स्वतःचं दुकान टाकायचं, एवढंच डोक्यात. भाव वर-खाली होतो, कधी पार खाली जातो, हे रफीकनं सांगितलं होतं. तरी थोडं थोडं करत मीही ठेवत गेलो. मग तो म्हणाला, दुसऱ्याच्या ॲपवर ठेवू नको, फोनमध्ये स्वतःचं वॉलेट कर, म्हणजे चावी आपल्याकडंच राहते. केलं. वॉलेटनं इंग्रजीतले बारा शब्द दाखवले आणि सांगितलं, हे कागदावर लिहून जपून ठेवा. मी एकेक अक्षर बघून लिहिले. आणि एवढा मोलाचा कागद म्हटल्यावर आमच्याकडचा कुणीही जे करील तेच केलं. फोटो काढला, मामांना पाठवला आणि खाली लिहिलं, "मामा, माझ्या वॉलेटचा पासवर्ड आहे. रंगीत प्रिंट काढून चांगलं लॅमिनेशन करून ठेवा. पूजा घेऊन जाईल."

शुक्रवार होता, मला सुट्टी. थोड्याच वेळात मामांचा व्हिडिओ कॉल आला. मागं एसटी उभी, म्हणजे ते दुकान सोडून रस्त्यावर आलेले.

"बालाजी, येकटाच हायस का?"

"हाव मामा."

"हे काय पाठवलास तू? तिजोरी उघडी करून वर पाटी लावलास की रे."

मला वाटलं, रागावलेत. मामा सहसा कुणावर रागवायचे नाहीत. म्हणलं, मग डिलीट करा, विषय संपला. ते म्हणाले, "मी पुसतो. पण मी बगितलो ना? दुकानाचा फोन काउंटरवर पडलेला असतो, श्रुती बगते, गिऱ्हाईक बी बगते. बगितलं म्हणजे उघडं झालं. आता ते वॉलेट तुझं न्हाई." श्रुती म्हणजे त्यांची मुलगी.

"मामा, तुमच्यावर माझा विश्वास हाय."

"विश्वासाचं काम न्हाई हे. माझ्यावर सुदिक ठेवायचा न्हाई."

आता एक गोष्ट लिहायची आहे, जी मी त्यांना कधी सांगितली नाही. मामा बोलत होते आणि मी खालच्या खाली ॲप उघडून बघत होतो, पैसे आहेत का गेले. एकदा नाही, तीनदा. ज्यांनी माझा पासपोर्टचा फॉर्म भरला त्यांच्यावर मी संशय घेत होतो. फोनवर माझी नजर कुठं होती हे त्यांना दिसलं असणार. ते शांतपणे म्हणाले, "बग, आधी बगून घे. हाय का जाग्यावर?" मी मान हलवली. "मग आता हालचाल कर."

मामांना हे सगळं कसं माहीत, असा प्रश्न मला पडला होता. ते त्यांनीच सांगितलं. औशाचा एक पोरगा त्यांच्याकडं प्रोजेक्टच्या प्रिंट काढायचा. त्यानं आपले बारा शब्द ईमेलमध्ये ठेवले होते. वॉलेट कंपनीतून बोलतो म्हणून एकाचा फोन आला, यानं विश्वासानं सगळं सांगितलं आणि वॉलेट रिकामं झालं. पोरगा दुकानातल्या बाकड्यावर बसून रडला. मामांनी त्यानंतर वाचून, विचारून समजून घेतलं. स्वतःकडं क्रिप्टोतला एक रुपया नाही. मी विचारलं तर म्हणाले, "मला कामून पायजे? माझं सगळं शाईत जातंय."

त्या दिवशी ते दीड तास रस्त्याच्या कडेला उभे होते. मधून मधून श्रुती हाक मारायची, "पप्पा, लोक थांबलेत." ते हातानं थांब म्हणायचे. मला त्यांनी समजावलं की, पैसे त्या ॲपमध्ये नसतातच, फोन हरवला तरी पैसे जात नाहीत. पैशाचा हिशोब बाहेर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोरच्या वहीत असतो आणि हे बारा शब्द म्हणजे त्यातलं आपलं पान हलवायचा हक्क. शब्द ज्याच्याकडं, हक्क त्याचा. बँकेत पासवर्ड विसरला तर शाखेत जाता येतं, इथं शाखाच नाही, कुणाच्या पाया पडणार? मी विचारलं, फोनचा पिन बदलला तर नाही का चालणार? म्हणाले, पिन तुझ्या फोनचा, शब्द वॉलेटचे. पिन बदलून शब्द बदलत नाहीत. नवीनच वॉलेट करायचं.

नवीन शब्द आले तेव्हा त्यांनी मला कॅमेरा भिंतीकडं करायला लावला. मी लिहून होईपर्यंत ते नुसती भिंत बघत बसले. एकच कागद नको, दोन लिही म्हणाले. शब्दांचा क्रम दोनदा ताडून बघ. मग नवीन वॉलेट ॲपमधून पुसायला लावलं. माझा हात पुढं होईना. "रिकामं हाय तोवरच पुसून बग. कागदावरून परत आलं तर कागद बरोबर." परत आलं. मग आधी अगदी थोडी रक्कम पाठवली, ती नव्या वॉलेटमध्ये दिसली, आणि मगच बाकीची. पाठवायला थोडी फी लागते, ती गेल्याचं मला वाईट वाटलं. मामा म्हणाले, "लॅमिनेशनचे वाचले ना तुझे." आणि पहिल्यांदा हसले.

पुढं मलाही तसा मेसेज आला, तुमचं वॉलेट बंद होणार, शब्द भरा. मी घाबरून मामांना फोन लावला. "बारा शब्द मागणारा कुणीबी असू दे, चोर हाय," ते म्हणाले. "उद्या मी मागलो तरी मी चोर." दुसरा कागद त्यांनी टपालानं पाठवू दिला नाही, कुणाच्या हाती देऊ दिला नाही. सुट्टीला आलो तेव्हा मी स्वतः पाकिटात घालून पूजाला दिला आणि तो काय आहे, कधी लागेल, हे समजावून सांगितलं. तेव्हाच मामांची आणि माझी शेवटची भेट. दुकानात शाळेच्या फॉर्मची गर्दी होती. मला बघून लांबूनच म्हणाले, "जयभीम, परदेशी पाव्हणे. लॅमिनेशन हाय का काही?" चहा पाजला, बोलायला वेळ मिळाला नाही. मी आभार मानायला गेलो होतो. ते मागं वळून मशीनमध्ये अडकलेला कागद ओढत होते… तसाच निघालो.

मामांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला पूजा जाऊन आली. तिनं सांगितलं की, श्रुती आता दुकानात बसते आणि लोक तिच्यावर चिडतात. मामांकडं आमच्या दाखल्याची कॉपी असेल, काढून दे म्हणतात. कॉम्प्युटरमध्ये काहीच नाही. फोनमध्येही नाही. मामा रोज शटर ओढायच्या आधी दिवसभरातले सगळ्यांचे फोटो, कागद पुसून टाकायचे. पूजा तिथं असतानाच एक बाई बोलली, "इतक्या वर्साचं गिऱ्हाईक आमी, येक कागद ठेवू नये का?" श्रुती म्हणाली, "पप्पा कुणाचाच ठेवत नव्हते, मावशी. परत आणा." पूजा म्हणते, दिवसातून किती वेळा ती हेच सांगते, थकून गेली आहे पोरगी, पण संध्याकाळी तीही सगळं पुसते आणि मगच शटर ओढते.

मी इथं अजून किती दिवस आहे माहीत नाही. भाव मधे बराच पडला, दुकानापुरते अजून जमलेले नाहीत. गच्चीवर ऊन लागतं, पाठ दुखते, रोज वाटतं आता बास. पण जे काही आहे ते माझ्याच हातात आहे आणि ते मामांमुळं. मामांचं दुकान पत्र्याचं आहे. दोन मशीनी दिवसभर तापतात आणि वर एक पंखा, तो गरम हवाच फिरवतो. तिथं ते इतकी वर्षं उभे राहिले, आता श्रुती उभी राहते. मी लोकांच्या शाळा, दुकानं, बंगले गार करतो. परत आल्यावर मुखेडला माझं दुकान उघडायच्या आधी अहमदपूरला उतरणार आहे. त्या पत्र्याखाली माझ्या पैशानं, माझ्या हातानं एसी बसवीन, मामा. तुमच्यासाठी उशीर झाला, श्रुतीसाठी होऊ देणार नाही.