डोळेवाल्या सिस्टर

आईची किडनी खराब झाल्याचं कळलं त्या वर्षी धानाच्या रोवणीत ती थोडा वेळ वाकली की बांधीच्या धुऱ्यावर बसून जायची. धाप लागायची, ओठ पांढरे पडायचे. घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, म्हणून दवाखान्याचं सगळं माझ्याकडे आलं. दर आठवड्याला आमच्या गावाहून, कामठ्याहून, गोंदियाच्या दवाखान्यात जाऊन रक्तवाढीचं इंजेक्शन घ्यायचं. ते द्यायच्या डोळेवाल्या सिस्टर.

हे नाव पेशंटांनी ठेवलेलं. समोर बसलेल्याची खालची पापणी त्या अंगठ्यानं ओढत. "रिपोर्ट मागून पाहीन, आधी डोळा दाखवा." रंग पाहून हिमोग्लोबिनचा आकडा सांगत. जुळला नाही तर रिपोर्टवर संशय घेत.

मावशी आईला बीट, पालक खाऊ घालत होती. सिस्टरनं ते बंद केलं. "रक्त बनवा, हा निरोप किडनी धाडते. तीच थकली, तर निरोप कोण धाडंल? तो या सुईत आहे."

पण दोन महिने झाले, आकडा साडेसातावरच. रक्त चढवावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. पुढं किडनी बसवायची वेळ आली तर चढवलेलं रक्त आड येऊ शकतं, म्हणून ते टाळायचं होतं.

त्या दिवशी बाबाही सोबत होते. सिस्टरनं त्यांना विचारलं, इंजेक्शनं घरी कुठं ठेवता? महिन्याची चार एकदम मिळायची, ती बाबा गावातल्या किराणावाल्याच्या फ्रिजमध्ये ठेवत आणि दर आठवड्याला त्यातलं एक आम्ही सोबत आणत असू.

"बर्फाच्या खणात ठेवतो ना बाई. जरा गरम होऊ देत नाही."

"गोठवून मारून टाकली तुम्ही सारी. कोणं सांगतलं असं?"

बाबांनी माझं नाव घेतलं नाही. मी सांगितलं, बर्फात ठेवा असं मीच म्हटलं होतं.

"बी.एस्सी. करून राहिली ना तू? मग डब्यावरचं काऊन नाही वाचलं? आता वाच. सगळ्यायले आयकू येऊ दे."

बाकावर बसलेल्या पेशंटांपुढे मी इंग्रजी वाचलं आणि आपल्या बोलीत सांगितलं: फ्रिजमध्ये ठेवा, गोठवू नका. एका म्हाताऱ्यानं विचारलं, मंग फ्रिजच्या दारात ठेवू का? सिस्टर म्हणाल्या, मधल्या खणात. त्यानंतर नवा पेशंट आला की त्या मलाच वाचायला लावत. मला राग यायचा, पण वाचत होते.

नवी इंजेक्शनं आम्ही मधल्या खणात ठेवली आणि आईचा आकडा चढू लागला. वर्षभरात सिस्टरची बदली झाली. जाताना आईची पापणी ओढून "साडेदहा" म्हणाल्या. रिपोर्टमध्ये दहा पॉइंट चार आलं. आईला रक्त चढवावं लागलं नाही.