घोडी मागं सरली

पोलीस अ‍ॅक्शनला दहा-बारा वर्षं झाली असतील. लासूर स्टेशनपासून अडीच कोसांवरच्या आमच्या गावात सरकारी दवाखाना होता आणि त्यात मी नर्स होते. सात वस्त्या माझ्याकडे. रस्ता नव्हताच, गाडीवाट होती. बाळंतपणाचा निरोप आला की पिशवी उचलून चालत निघायचं, आणि पोचेपर्यंत बऱ्याचदा सगळं उरकलेलं असायचं, चांगलं किंवा वाईट. म्हणून मी माझ्या पगारातून घोडी घेतली. पैठणकडून मेंढरं घेऊन दर उन्हाळ्यात आमच्या शिवारात उतरणाऱ्या एका म्हाताऱ्या धनगराची होती ती. विटकरी रंगाची, बुटकी, रुंद पाठीची. नऊवारीचा काष्टा घट्ट मारून मी तिच्यावर बसायला शिकले. गाव महिनाभर हसलं, मग थांबलं.

दोन वर्षांत तिनं मला एकदाही पाडलं नाही. लगाम दिसला की आपणहून तोंड पुढं करायची.

त्या उन्हाळ्यात माझी धाकटी बहीण औरंगाबादला बाळंत झाली. ती गुलमंडीच्या मागच्या गल्लीत राहायची. आठ दिवसांची रजा काढून मी तिच्याकडे गेले. परत आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी वस्तीवरून माणूस आला. पहिलटकरीण, कालपासून अडलेली.

मी लगाम घेऊन गोठ्यात गेले, तर घोडीनं मान वर फेकली आणि भिंतीला जाऊन चिकटली. मला वाटलं, आठ दिवसांत विसरली. माझे यजमान गावच्याच शाळेत मास्तर होते. ते आले, दोन्ही हातांनी तिचं डोकं दाबून धरलं, आणि मी लगाम चढवला. मग त्यांनीच रिकीब धरली. मी पाय ठेवून वर बसले.

ओढ्यापर्यंत ती कान मागं टाकून चालली. उतारावर मी लगाम जरासा आवळला. तशी ती मागच्या पायांवर उभीच राहिली, खाली टेकली आणि मागं सरत सुटली. मागं, मागं, थेट काठावरच्या दगडगोट्यांत. मी पडले ती उजव्या हातावर. उठले, निरगुडीची फोक मोडली आणि डाव्या हातानं तिला झोडपलं. ती थरथरत उभी होती आणि मी मारत होते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं मी ज्यांच्यावर चिडले त्यांच्यात मीही होते.

वस्तीवर चालत गेले. मनगट सुजून दंडाएवढं जाड झालेलं. पोर निळं पडलेलं निघालं, बऱ्याच वेळानं रडलं. आई वाचली, पोरही वाचलं. त्या दिवशी वाईट काही घडलं नाही, आणि म्हणूनच नंतर माझ्या रागाला घरात कुणी किंमत दिली नाही.

घरी थोरले दीर होते. सगळे त्यांना दादा म्हणायचे. शेती त्यांच्याकडे, घरातला शब्द त्यांचा. मी त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर कधी ढळू दिला नव्हता.

"माजलीय," ते म्हणाले. "आठ दिस नुस्ता दाणा खाल्ला. चार फटके द्या, सरळ व्हईल."

फटके त्यांनीच दिले. अंगणात, चाबकानं. दुसऱ्या दिवशी घोडी मला गोठ्यातसुद्धा जवळ येऊ देईना. नंतर खोगीर ठेवू द्यायची, पण हात तोंडाकडे गेला की दात दाखवायची. मी तरी काय शहाणी? रोज कुणाला तरी धरायला लावून लगाम चढवतच होते.

आठवड्यानं धनगराची मेंढरं आमच्या शिवारात आली. मी त्याला बोलावून आणलं आणि सरळ म्हटलं, "बाबा, तुमची घोडी बिघडली."

तो घोडीजवळ उकिडवा बसला, बिडी ओढली, विझवली. मग उठून तिच्या गळ्यावर हात फिरवत फिरवत वर गेला आणि अंगठ्यानं ओठ उचलला. मला म्हणाला, "इकडं या."

जिभेवर आडवी चीर होती, अर्धी भरलेली. ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांत ओल्या खपल्या.

"बाई, हिला काट्याचा लगाम कुणी घातला?"

"कुणी नाही. माझा हा साधा लगाम आहे. बघा."

"ह्यानं जीभ कापत नाय. वरातीत घोडं नाचवायला घालत्यात तसला. वढला की काटं टोचत्यात, जनावर हुबं ऱ्हातं. लोकांला वाटतं, नाचतंय."

माझा साधा लगाम माझ्या हातातच होता. तो मी रोज त्याच जखमेवर दाबत होते.

जाऊबाई ओट्यावर ज्वारी पाखडत होत्या. मी समोर जाऊन बसले आणि विचारलं. पाखडता पाखडताच त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही औरंगाबादला होता ना, तवा माझ्या भाच्याची वरात निघाली लासूरला. ह्यांनी घोडी नेली. बँड वाजला तशी ती बिचकली, तर कुणाकडून तरी तसला लगाम आणला. लई नाचली म्हणं."

"मास्तरांना माहीत होतं?"

त्यांनी सूप खाली ठेवलं. "सोडून त्यांनीच दिली की."

यजमान शाळेतून आले तेव्हा मी दारातच उभी होते. घोडी वरातीला का सोडली, ते विचारलं.

"दादाला नाही कसं म्हणायचं?" ते म्हणाले.

"लगामाचं माहीत होतं?"

"परत आणली तेव्हा तोंडातून रक्त येत होतं. दोन दिवस कोंडा भिजवून घातला मी."

"आणि त्या सकाळी तिचं डोकं दाबून धरलंत. मला वर बसवलंत."

"वाटलं, बरं झालं असेल."

दादांनी केलं ते समजत होतं, त्यांना जनावराची पर्वाच नव्हती. पण ह्या माणसाला पर्वा होती. त्यानं रक्त पाहिलं होतं, कोंडा भिजवला होता, आणि तरी तोंड मिटून मला वर चढू दिलं. दादाला सांगायचं धैर्य नव्हतं हे एक वेळ मानलं. पण मला सांगायला कसलं धैर्य लागत होतं? कितीही उलटवून पाहिलं तरी मला ते गिळता येईना.

तो लगाम गोठ्याच्या कोनाड्यात सापडला, फडक्यात गुंडाळलेला. दुपारी दादा जेवायला बसले होते, शेजारी त्यांच्या सासरकडचे दोन पाहुणे. वाढायला मी होते. मी लगाम दादांच्या ताटात ठेवला. काट्यांना अजून वाळलेलं काहीतरी चिकटलेलं होतं.

"हे काय?"

"तोंडात घालून बघा. दोर मी धरते."

पाहुण्यांचे हात ताटातच थांबले. दादांचा चेहरा लाल झाला. "जनावर हाय ते! एका वरातीनं मेलं का?"

"नाही मेलं. मीही मेले नाही, वस्तीवरची पोरगीही मेली नाही. म्हणून तुम्ही निवांत जेवताय."

"मास्तर, बायकोला आवर," ते ओरडले. यजमान उंबऱ्यात उभे होते. ते ना आत आले, ना बाहेर गेले.

त्याच संध्याकाळी मी माझी ट्रंक दवाखान्यामागच्या खोलीत नेली. घोडीही नेली. यजमान तीन दिवसांनी आले, हातात पुस्तकं आणि वळकटी. मी दार उघडलं, स्वयंपाक दोघांचा केला, पण बोलले नाही.

म्हाताऱ्या धनगरानं लगामाऐवजी सुताच्या दोराची म्होरकी वळून दिली. "लोखंड इसरा आता," म्हणाला. जखमा भरेपर्यंत मी तिच्या तोंडाला हातच लावला नाही. नुसती जवळ उभी राहायची, गूळ तळहातावर ठेवून. पहिले कितीतरी दिवस ती गुळाकडेही आली नाही. पुढं म्होरकी घालू दिली, मग खोगीर, मग मी. दोर मानेला नुसता टेकवला की वळायची. शिकायला तिला वेळ लागला नाही. मलाच लागला, कारण ती जरा थबकली की माझे हात आपोआप आवळले जायचे.

पाऊस पडून गेल्यावर पहिल्यांदा वस्तीचा निरोप आला तेव्हा यजमान सवयीनं रिकीब धरायला पुढं झाले. घोडीनं कान पाडले.

"लांब व्हा," मी म्हणाले.

ते झाले. मी दवाखान्याच्या पायरीवरून एकटीच चढले.

घोडी पुढं बरीच वर्षं राहिली. तिच्या तोंडात लोखंड परत गेलं नाही, आणि पुरुषाचा हात तिनं डोक्यापर्यंत कधी येऊ दिला नाही. दादा माझ्याशी मरेपर्यंत बोलले नाहीत, त्याचं मला काही वाटलं नाही. यजमानांनी एकदा माफी मागितली. डबक्यांतून वाट काढत आम्ही दोघं बाजारातून येत होतो. मी ऐकून घेतलं आणि म्हटलं, "चला, अंधार पडेल." माफ केलं असं मी तेव्हाही म्हटलं नाही, नंतरही नाही.