पहिल्या बॅचला मी काय सांगितलं

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही — आणि ज्यांना सांगायला हवं होतं, त्यांना तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, तेही दातओठ खात. कुणावर? थांबा, येते तिथे.

आमचं विद्यापीठ सुरू झालं तेव्हा पालेगावच्या पुढे एकच इमारत होती, तीही अर्धी. तिसऱ्या मजल्यावर सळया उघड्या. फाटकावर मात्र पुरुषभर उंचीची अक्षरं. उल्हासनगरच्या एका कॉलेजात अकरा वर्षं शिकवून मी तिथे प्रवेश विभागाची प्रमुख झाले. आपण काहीतरी नवीन उभं करतोय असं वाटायचं — की हे आपलं आता म्हणतेय? नाही, खरंच वाटायचं. त्याचीच तर चीड येते.

नर्सिंगच्या पदवीला कौन्सिलची मान्यता नव्हती. अर्ज त्रुटी दाखवून परत आला होता. ते पत्र मी स्वतः वाचलं होतं. संस्थापक — सगळे त्यांना साहेब म्हणत — म्हणाले, "मॅडम, पहिली बॅच भरा. मुलं दिसली की मान्यता येते. हो जाएगा." मी मान डोलावली.

त्याच आठवड्यात बारवी धरणाकडच्या एका पाड्यावरून सुगंधा आली. बरोबर वडील. बारावी झालेली ती पाड्यातली पहिली मुलगी. सरकारी नर्सिंग कॉलेजात तिचा नंबर लागला होता, पण नाशिकला. वडील भातशेती करणारे, जंगलात मजुरीला जाणारे. खुर्चीवर बसायला तयार होईनात.

"बाई, हितं शिकली तं रोज घरी येल," ते म्हणाले. "पन ह्ये सरकारीसारखंच हाय ना? नोकरीला कुनी नाय म्हननार नाय ना?"

सुगंधाने तेच नीट विचारलं. "मॅडम, कौन्सिलची मान्यता आहे ना?"

"आहे," मी म्हटलं.

'अर्ज केलाय' एवढं तरी म्हणता आलं असतं. म्हटलं का? नाही. तिने नाशिकची जागा सोडली.

तुम्हाला वाटेल, झाली कबुली. नाही हो. खोटं त्या इमारतीत सगळेच बोलत होते, आणि इतकी वर्षं मी त्या 'सगळेच'च्या आड लपले. माझं स्वतःचं जे आहे ते पुढे आहे.

मान्यता आली, पण सुगंधाच्या नंतरच्या बॅचपासून. पहिल्या बॅचला कौन्सिलची नोंदणी नाही, म्हणजे नर्स म्हणून नोकरी नाही. चार वर्षं ती वर्गात पहिली आली होती. बदलापूरच्या एका हॉस्पिटलने तिची निवड केली, नोंदणी क्रमांक मागितला आणि तिथेच सगळं थांबलं. तिने विद्यापीठाकडे तक्रार केली. नव्या इमारतीत, एसीच्या खोलीत सुनावणी झाली. साहेब, दोन प्राध्यापक, मी. समोर ती आणि तिचे वडील.

"मान्यता आहे असं मॅडमनीच सांगितलं होतं," ती म्हणाली.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "बोला मॅडम."

आणि मी बोलले. "मी असं कधीच म्हटलं नाही. माहितीपत्रकात 'मान्यता प्रस्तावित' असं छापलंय. या मुलांना वाचायची सवय नसते, आणि मग दोष आपल्याला देतात."

या मुलांना. वर्गात पहिल्या आलेल्या मुलीसमोर.

तिचे वडील उभे राहिले. "बाई, तुमी म्हनल्या व्हत्या. मी हितंच व्हतो."

"काका, तुम्हाला समजलं नसेल."

ते हळूच म्हणाले, "आसंल. आमाला काय कलतं." आणि हात जोडले. मला. सुगंधा रडली नाही. ती माझ्याकडे बघत राहिली, आणि मी फाइल चाळायला लागले.

तक्रार निकाली निघाली. पुढच्या वर्षी मला बढती मिळाली. आज आमच्या सात इमारती आहेत, बदलापूर आणि विठ्ठलवाडीहून बस येतात. सुगंधा त्याच हॉस्पिटलात आया आहे. तिच्यानंतर तोच अभ्यासक्रम शिकलेल्या आमच्या मुली तिला बेडपॅन आणायला सांगतात.

साहेबांवर चिडणं सोपं आहे. चिडतेही. पण त्या खोलीत काय बोलायचं हे त्यांनी मला शिकवलं नव्हतं. 'या मुलांना' हे शब्द कुणी मागितले होते? ते माझे होते. आतून, आयते, तयारच आले.

त्या पाड्यावरची एक मुलगी यंदा आमच्याकडे शिकते. तिला यातलं काही ठाऊक नाही. तिनेच सहज सांगितलं, सुगंधाताईचे वडील गेले. शेवटपर्यंत म्हणायचे, चूक माझीच, त्या दिवशी मीच नीट ऐकलं नाय.

त्यांनी नीट ऐकलं होतं.