शौनक लिमये यांचा नव्या सायकलीचा प्रस्ताव

सदर इसम शौनक लिमये, वय एक्केचाळीस, व्यवसाय प्राध्यापक, मुक्काम वरसे, तालुका रोहा. जंगम मालमत्ता : कार्बनची एक रेसची सायकल, चार वर्षं जुनी, सुस्थितीत. तक्रार : विशाल म्हात्रे.

विशाल धाटावच्या कंपनीत शिफ्टला. घरचे पेणच्या खाडीकडचे मिठागरवाले. हा वरशात भाड्याने राहतो. रविवारी दोघं वरशाहून पेणपर्यंत सायकली हाणतात. विशालची सायकल लोखंडी, तिसऱ्या हाताची. नागोठणं आलं की तो मागून अदबीने विचारतो, "सर, जाऊ का पुढं?" आणि जातो. नुसता गेला असता तर शौनकने सोसलं असतं. तो परवानगी घेऊन जातो, हे शौनकला आठवडाभर सलतं.

म्हणून नवी एरो सायकल. वारा कापत जाते म्हणे. ताशी चाळीसच्या वेगाला पंधरा वॉट ताकद वाचवते. त्या वेगाने शौनक फक्त उतारावर जातो, तेही ब्रेक धरून. पण हिशेब हिशेबाच्या जागी.

"घे की," बायको तनया म्हणाली. "मात्र आधी जुनी वीक. घरात दोन-दोन नकोत."

"विकेन."

"कोणाला? तुझ्या उंचीला बसणारी सायकल तालुक्यात चालवतो तरी कोण? एक तो विशाल."

शौनकचा घास हातातच राहिला. हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

त्या रविवारी त्याने विशालला आपली सायकल चालवायला दिली. त्याला ती न आवडो, म्हणजे विकत मागणार नाही, एवढीच इच्छा. स्वतः ती लोखंडी घेतली. विशाल नागोठण्याआधीच दिसेनासा झाला. शौनक पेणला टेकला तेव्हा तो चहाचा दुसरा कप संपवत होता.

"कशी वाटली?" शौनकने विचारलं.

"एक नंबर हाय सर! पायडल मारायलाच लागत नाय. तुमी नवीन घेताय म्हणं? मग ही मला सांगा हां. दुसऱ्या कुनाला देऊ नका."

"विकायची नाहीये."

"पन वहिनी तर..."

"वहिनीला काय कळतंय?"

सबब, नव्या सायकलीचा प्रस्ताव 'रस्ता खराब' या कारणास्तव दप्तरी दाखल करण्यात आला.

पुढच्या रविवारी विशाल आपल्या लोखंडी सायकलवर अकरा मिनिटं आधी पोचला.