ओ निगेटिव्हचा बिल्ला

मी आयुष्यात एकदाच थोर झालो. तेही जेमतेम दोन दिवस आणि मेव्हण्याच्या कोटात.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. शेजाऱ्यांच्या मुलीचं लग्न पेठ रोडच्या एका लॉन्सवर होतं. तोवर मी कोट आणि त्यावर लावायचे बिल्ले या दोहोंची यथेच्छ टवाळी करत आलो होतो. (आपण कोण ते छातीवर टाचून हिंडणं बालवाडीतल्या मुलांना शोभतं, ती हरवू शकतात.) पण बायको म्हणाली, "अहो, वर्षभर त्याच बुशशर्टात फिरता. दिलीपचा कोट मागून आणलाय, तो घाला."

दिलीप म्हणजे तिचा धाकटा भाऊ, सातपूरला कारखान्यात कामाला. कोटाच्या कॉलरवर लाल थेंबाच्या आकाराचा बिल्ला होता: 'रक्तदाता, ५० वेळा, ओ निगेटिव्ह'. मी काढायला गेलो, तर पिन इतकी गच्च की कोटच फाटायचा! म्हणून राहू दिला. (पिन सैल होती. हे आज पहिल्यांदाच कबूल करतोय.)

आमच्याकडच्या लग्नात एक माइकवाला असतो. येणाऱ्या प्रत्येक बड्या पाहुण्याचं नाव, गाव, हुद्दा पुकारून स्वागत करायचं, हे त्याचं काम. मंगलाष्टकं उरलेल्या वेळात उरकतात. सरपंच झाले, माजी सरपंच झाले, भावी सरपंचही झाले. मग त्याची नजर माझ्या कॉलरवर पडली.

"पन्नास वेळा रक्तदान करणारे, ओ निगेटिव्ह या दुर्मिळ गटाचे दानशूर... साहेब, नाव काय आपलं?"

माइक माझ्या तोंडापुढे. 'हा कोट माझा नाही' एवढे चारच शब्द बोलायचे होते. मी नाव सांगितलं!

टाळ्या पडल्या. फेटा बांधला गेला. पंगतीत एका आजोबांनी "वाढा यांना, रक्त भरून निघू द्या" म्हणत तीन जिलब्या माझ्या पानात टाकायला लावल्या. थोर माणसं संकोचून खातात तशा मी त्या संकोचून खाल्ल्या. चौथी मागून घेतली.

तिसऱ्या दिवशी सकाळी दारात जीप उभी राहिली. आत निवृत्तीभाऊ, नवरीचे मामा, मखमलाबादला फुलशेती करणारे.

"साहेब, आमच्या कारभारणीचं अकरा वाजता ऑपरेशन हाय. तिचं रक्त ओ निगेटिव्ह. एक बाटली हाताशी असल्याबिगर डॉक्टर हात लावत नाय. मी म्हणलं, काळजी नाय, माणूस हाय आपला!"

"पण... दुसरीकडे शोधलंत ना?"

"कशाला? दोघं-तिघं म्हणले बघू का, मीच नको म्हणलं. तुमाला मांडवात बघितलं की!"

"भाऊ, त्याचं असं आहे, तो कोट..."

"कोट ऱ्हाऊ द्या, साहेब, असेच चला!" म्हणत त्यांनी वाकून माझ्या पायाला हात लावला. पायाला हात लावणाऱ्याला खरं सांगायला जे धैर्य लागतं, त्याबद्दल मी फक्त वाचलेलं होतं. मी जीपमध्ये बसलो! बायको दारातून ओरडली, "अहो, तुमचा गट बी पॉझिटिव्ह ना?" जीप निघाली होती.

दवाखान्यात गेल्यावर डॉक्टरांना हळूच बाजूला घ्यावं, असा माझा बेत होता. पण निवृत्तीभाऊंनी दंड धरून मला थेट रक्तपेढीतल्या एकुलत्या एका कॉटवर नेऊन बसवलं.

"याआधी रक्त दिलंय?" तिथल्या बाईंनी विचारलं.

"पन्नास बार!" निवृत्तीभाऊंनी परस्पर सांगितलं.

बाईंनी तपासणीसाठी माझ्या बोटाला सुई टोचली. बोटावर एक थेंब आला. तो मी पाहिला. त्यानंतर पाहिला तो छताचा पंखा.

"यांचा बी पॉझिटिव्ह आहे," बाई सांगत होत्या. "आणि यांनी जन्मात कधी रक्त दिलेलं दिसत नाही."

निवृत्तीभाऊ माझ्याकडे वळले. "मग त्यो बिल्ला?"

"मेव्हण्याचा."

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "साहेब, दहा वाजलेत." आणि भिंतीला टेकून खाली बसले. इतकी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती.

वाचवलं ते बायकोने. जीप वळताच तिने शेजारून कारखान्याच्या गेटवर फोन केला होता. साडेदहाला दिलीप स्कूटरवरून आला. अंगात बॉयलर सूट, कोपरापर्यंत ग्रीस. साबणाने खसाखसा हात धुतले आणि म्हणाला, "भाऊजी, उठा. कॉट रिकामी करा."

मी उठलो. तो आडवा झाला, मूठ आवळली आणि बाटली भरेपर्यंत निवृत्तीभाऊंशी झेंडूच्या भावाबद्दल बोलत राहिला. अकराचं ऑपरेशन साडेअकराला झालं आणि नीट पार पडलं.

दोन आठवड्यांनी निवृत्तीभाऊ आणि त्यांच्या पत्नी सुमनताई आमच्याकडे आले. सुमनताई पोटावर हात धरून, एकेक पायरी चढत, हातात मोसंब्यांची पिशवी घेऊन.

बायको लगबगीने म्हणाली, "अहो, दिलीप सातपूरला राहतो."

"त्यांच्याकडं जाऊन आलो," सुमनताई म्हणाल्या. "हिकडं साहेबांना बघायला आलो. लय अशक्तपणा आला असंल ना? चक्कर थांबली का?"

टाके त्यांच्या पोटावर होते. मी उशीला टेकलो, आवाज जमेल तितका बारीक केला आणि म्हणालो, "आता जरा बरं आहे."